गाठ साधी की घातक? : बालकांच्या मूत्रपिंडातील अर्बुदांच्या निदानाचा इतिहास



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत पाककृती, प्रवासवर्णने आणि हळदीकुंकवाचे वृत्तान्त यांच्या शेजारी मूत्रपिंडाच्या गाठींचा इतिहास वाचावयास मिळेल, अशी कुणाची अपेक्षा नसेल. विषय रुक्ष वाटेल, थोडा भीतिदायकही वाटेल. तरीही तो मुद्दाम निवडला आहे. कारण या रोगाची पहिली चाहूल बहुधा डॉक्टरांना लागत नाही. ती घरातल्या बाईला लागते. मुलाला न्हाऊ घालताना, अंगाला तेल लावताना, झबले चढवताना पोटाच्या एका बाजूस हाताला काही टणक लागते आणि पुढचा सारा प्रवास तेथून सुरू होतो. वैद्यकाच्या ग्रंथांतही ही गोष्ट आवर्जून नमूद केलेली असते. तेव्हा हा इतिहास जितका डॉक्टरांचा, तितकाच तो आयाबायांचाही आहे.

प्रथम थोडी ओळख करून घेऊ. आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. रक्त गाळून मूत्र तयार करणे हे त्यांचे मुख्य काम. गर्भाच्या पोटात त्यांची घडण साधारण नऊ महिने भरत येईपर्यंत चालू असते. ही घडण चालू असताना कधी कधी काही पेशी अर्धवट वाढीच्या राहून जातात आणि पुढे त्यांतून अर्बुद, म्हणजे गाठ, उद्भवते. लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या गाठींपैकी दहांत नऊ या एकाच जातीच्या असतात. तिला 'विल्म्स ट्यूमर' म्हणतात आणि ती कर्करोगाची आहे. साधारण दहा हजार मुलांमागे एकास ती होते. बहुधा तीन-चार वर्षांच्या सुमारास. उरलेल्या थोड्याशा गाठींत काही घातक असतात, तर काही अगदी साध्या, शरीरभर न पसरणाऱ्या. या विरळा साध्या गाठी ओळखायच्या कशा, हाच आपल्या कथेचा विषय.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घातक गाठ साधी समजून सोडून दिली, तर मूल हातचे जाते. साधी गाठ घातक समजून कडक उपचार केले, तर ज्या मुलाचे केवळ शस्त्रक्रियेने भागले असते, त्याच्या कोवळ्या देहावर नको ते विष आणि नको ते किरण यांचा मारा होतो. या दोन चुकांच्या मधली वाट शोधण्यास वैद्यकशास्त्राला दीडशे वर्षे लागली.

१८१४ साली लंडनमध्ये टॉमस रान्स याने मुलांच्या मूत्रपिंडातील अशा गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी निदान म्हणजे बहुधा मृत्यूनंतर केलेली पाहणी. पोट फुगलेले, मूल खंगलेले, आणि वैद्याच्या हाती काही नाही. १८७७ साली इंग्लंडमधील लीड्स येथे टॉमस जेसप या शल्यविशारदाने दोन वर्षांच्या मुलाचे गाठ धरलेले मूत्रपिंड काढले आणि मूल शस्त्रक्रियेतून जगले. एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, ही सृष्टीची केवढी कृपा! पुढच्या सर्व उपचारांचा पाया हाच.

१८९९ साली माक्स विल्म्स या जर्मन शल्यविशारदाने या गाठींवर ग्रंथ लिहिला. एकाच गाठीत स्नायू, मूत्रपिंडाच्या नलिका आणि इतर कच्चे धागे एकत्र कसे सापडतात, याचा उलगडा त्याने गर्भातील मूळ पेशींपर्यंत जाऊन केला, आणि त्याचे नाव या रोगाला कायमचे चिकटले. या विल्म्सचा शेवट सांगण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, घटसर्पाने गुदमरणाऱ्या एका फ्रेंच युद्धकैद्यावर त्याने शस्त्रक्रिया केली. तोच रोग त्याला जडला आणि त्यात तो वारला. शत्रूपक्षाच्या माणसासाठी प्राण वेचणाऱ्या त्या डॉक्टरचे नाव आज जगभरच्या बालरुग्णालयांत रोज घेतले जाते.

निदानाची साधने मात्र हळूहळूच आली. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. पण मूत्रपिंड हा मऊ अवयव, त्याची छाया पुसटच उमटे. १९२९ साली मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरने बर्लिनमध्ये शिरेतून टोचता येईल असे एक आयोडीनयुक्त द्रव्य वापरले. ते मूत्रपिंडातून बाहेर पडताना क्ष-किरणांच्या चित्रात मूत्रपिंडाचा आतला आकार स्पष्ट दिसू लागला. गाठ मूत्रपिंडाच्या आतली असेल तर तो आकार विस्कटलेला दिसे. बाहेरची असेल तर मूत्रपिंड नुसते बाजूला सरकलेले दिसे. कित्येक वर्षे डॉक्टरांनी या एका चित्रावर निर्णय घेतले. परंतु त्यात एक मोठी उणीव होती. गाठ आहे हे चित्र सांगे. ती साधी की घातक, हे सांगत नसे.

आता थोडे आपल्या मुंबईकडे वळू. परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झाले. केवळ मुलांसाठी एवढे मोठे रुग्णालय ही त्या काळी अपूर्वाईची गोष्ट होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३१ साली, लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, वारल्या. मेहेरबाई या स्त्रियांच्या चळवळीतल्या अग्रणी. स्त्रीशिक्षण, पडद्याच्या चालीचा विरोध आणि बालविवाहास बंदी यांसाठी त्यांनी कष्ट घेतले होते. त्यांच्या पश्चात सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या नावे ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि टाटांच्या विश्वस्त निधीतूनच पुढे परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. नाशिकच्या किती घरांचा या इमारतीशी संबंध आला असेल, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेची घडी बसवली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. विकृतिशास्त्र, म्हणजे शरीराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून रोग ओळखण्याचे शास्त्र, आपल्या देशात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, कर्करोगाच्या संशोधनात शिरल्या. १९४९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली, अमेरिकेत जाऊन पेशी काचपात्रात वाढवण्याची विद्या शिकून त्या परत आल्या, मुंबईत तशी प्रयोगशाळा उभारली आणि पुढे कर्करोग संशोधन केंद्राच्या संचालक झाल्या. १९७३ साली भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची संघटना स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचे काम मूत्रपिंडाच्या गाठींवर नव्हते. पण पेशी पाहून, पारखून मगच बोलायचे, ही जी शिस्त या कथेत निर्णायक ठरली, ती आपल्याकडे रुजवणाऱ्यांत एक मराठी स्त्री होती, हे स्त्रियांच्या मंडळाने विसरता कामा नये.

दरम्यान उपचार सुधारत होते. अमेरिकेतील बोस्टनच्या बालरुग्णालयात १९३० नंतरच्या दशकात नुसत्या शस्त्रक्रियेने सुमारे एक तृतीयांश मुले वाचत. त्यानंतर किरणोपचार जोडीला आले आणि हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले. १९५० नंतर सिडनी फार्बर यांनी ॲक्टिनोमायसीन-डी हे औषध वापरून आणखी मोठी मजल मारली. मातीतल्या सूक्ष्म जंतूंपासून निघालेले हे द्रव्य.

दुसरे औषध तर आपल्या अंगणातले! सदाफुली कुणाच्या दारी नाही? १९५२ साली जमैकाहून या झाडाची थोडीशी पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल या शास्त्रज्ञाकडे मधुमेहाच्या तपासासाठी पोचली. मधुमेहावर गुण दिसला नाही. मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात असे आढळले. या संशोधनातून पुढे कर्करोगावरची औषधे निघाली. त्यांतले व्हिनक्रिस्टीन १९६३ साली वापरात आले आणि आजही विल्म्सच्या गाठीवर ते दिले जाते. मात्र येथे एक इशारा द्यावासा वाटतो. शेकडो किलो पानांतून त्याचे काही कण मिळतात आणि त्यांची मात्रा तोलून मापून द्यावी लागते. घरी सदाफुलीचा काढा करून पाजणे म्हणजे मुलाला विष पाजणे होय.

औषधे आली तशी एक नवी अडचण पुढे आली. ही औषधे आणि किरण तान्ह्या मुलांना फार जाचत. आणि डॉक्टरांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट येत होती : जन्मून काही आठवडेच झालेल्या अर्भकांत गाठ कितीही मोठी असली, तरी शस्त्रक्रियेनंतर ती मुले ठणठणीत राहत. सगळ्यांना वाटे, लहान वयात विल्म्सची गाठ सौम्य असते. १९६७ साली रॉबर्ट बोलांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ अर्भकांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने तपासून दाखवले की, ही विल्म्सची गाठच नव्हे. हिचे धागे वेगळे, वीण वेगळी, वागणूकही वेगळी. त्यांनी तिला 'कंजेनिटल मेसोब्लास्टिक नेफ्रोमा' असे नाव दिले. जन्मजात, सहसा न पसरणारी गाठ. जे कित्येक वर्षे एकाच नावाखाली चालले होते, त्याचे दोन भाग झाले. जी अर्भके आजवर घातक रोगाचे रुग्ण म्हणून किरणांखाली ठेवली जात होती, त्यांपैकी अनेकांना त्याची गरजच नव्हती.

१९६९ साली अमेरिकेत अनेक रुग्णालयांनी एकत्र येऊन विल्म्सच्या गाठीचा राष्ट्रीय अभ्यास सुरू केला. त्यात सापडलेल्या या जन्मजात गाठीच्या ५१ मुलांचा वृत्तान्त १९८२ साली प्रसिद्ध झाला आणि गाठ नीट, पूर्ण काढली तर बहुधा तेवढेच पुरे, हे पक्के झाले. तथापि निसर्ग इतका सरळ नसतो. या गाठीतही एक प्रकार असा आहे की, त्यात पेशींची दाटी असते आणि तो क्वचित पुन्हा उद्भवतो. १९९८ साली त्या प्रकारातला जनुकांचा विशिष्ट फेरबदल सापडला. त्याच फेरबदलावर नेमका घाव घालणाऱ्या औषधास २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणूनच गाठ साधी ठरली तरी पहिली दोन-तीन वर्षे सोनोग्राफी करून लक्ष ठेवावे लागते.

साध्या गाठींचे घराणे एवढ्यावर संपत नाही. 'सिस्टिक नेफ्रोमा' म्हणजे पाण्याच्या कप्प्याकप्प्यांची गाठ. ती बहुधा दोन वर्षांच्या आतील मुलांत दिसते. 'मेटॅनेफ्रिक ॲडेनोमा' ही फार विरळा. ती ओळखता आली तर मूत्रपिंडाचा उरलेला भाग वाचवता येतो. 'अँजिओमायोलायपोमा' ही चरबी व रक्तवाहिन्यांची गाठ; ज्या मुलांना फिट्स येतात आणि अंगावर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे असतात, त्यांच्यात ती पाहावी लागते. आणखी एक गाठ रक्तदाब वाढवणारे द्रव्य सोडते. तिचे वर्णनही १९६७ सालचेच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे वा मुलीचे डोके सतत दुखत असेल, तर चष्म्याचा नंबर पाहावाच. पण एकदा रक्तदाबही मोजून घ्यावा, हा त्यातला बोध.

येथे धीर देणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तान्ह्या मुलाच्या मूत्रपिंडाच्या बाजूस फुगवटा लागला, तर तो बहुतेक वेळा अर्बुदाचा नसतोच. मूत्राच्या वाटेत अडथळा येऊन मूत्रपिंड पाण्याने फुगलेले असते, किंवा जन्मतः त्यात पाण्याच्या पिशव्या असतात. आत पाणी आहे की भरीव गाठ, हे सोनोग्राफी घटकेत सांगते. ही विद्या ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली जगापुढे मांडली. १९७१ साली सीटी स्कॅनचा पहिला रुग्ण तपासला गेला; त्यानंतर एमआरआय आले. आज गर्भ पोटात असतानाच कधी कधी अशी गाठ दिसते. गर्भाभोवतीचे पाणी प्रमाणाबाहेर वाढणे ही तिची एक खूण.

इतकी यंत्रे आली, तरी शेवटचा शब्द आजही विकृतिशास्त्रज्ञाचाच. नुसत्या चित्रावरून साधी व घातक गाठ खात्रीने निराळी करता येत नाही. 'मग आधी सुई घालून तुकडा का काढत नाहीत?' असा प्रश्न घरची मंडळी विचारतात. कारण गाठीचे आवरण फुटले, तर तिच्यातील पेशी पोटात सांडण्याची भीती असते. म्हणून वय, रक्त-लघवीची तपासणी, चित्रे आणि छातीची पाहणी यांचा एकत्र विचार करून डॉक्टर मार्ग ठरवतात. अगदी तान्ह्या मुलात साध्या गाठीचा संभव अधिक, म्हणून तेथे बहुधा आधी शस्त्रक्रिया. थोड्या मोठ्या मुलात काही ठिकाणी आधी शस्त्रक्रिया, तर काही ठिकाणी आधी औषधे देऊन गाठ आकसवतात. दोन डॉक्टरांनी दोन क्रम सांगितले, म्हणून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

आता जे सांगायचे आहे, ते जरा कटू आहे. पाश्चात्त्य देशांत विल्म्सची गाठ मुलींत मुलांपेक्षा किंचित अधिक आढळते. आपल्या देशातील रुग्णालयांत मात्र कर्करोगावर उपचारासाठी येणाऱ्या बालरुग्णांत मुलींचे प्रमाण मुलांहून कमी असते. मग आपल्या मुली कुठे गेल्या? त्या घरातच राहिल्या. मुलाचे पोट दुखले की मुंबई गाठायची आणि मुलीचे दुखले की ओवा-हिंग लावून पाहायचे, ही आपली जुनी खोड. जी सोनोग्राफी गर्भातील गाठ दाखवून बालकाचा जीव वाचवू शकते, तिचाच उपयोग मुलीला जन्मापूर्वीच नाकारण्यासाठी झाला. इतका की १९८८ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा करावा लागला. यंत्र निर्दोष असते. ते कुणाच्या हाती, कोणत्या हेतूने आहे, यावर सारे अवलंबून. मुलीच्या पोटावरून फिरणारा आईचा हात आणि मुलाच्या पोटावरून फिरणारा हात सारखाच जागरूक असला पाहिजे. हे काम कुठलाही कायदा करू शकणार नाही. ते आपल्याच घरात, आपल्याच हातांनी व्हायचे आहे.

आणि उशीर न होण्याजोगी परिस्थिती आज नाशकात आहे. १९९८ पासून महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. २०१३ साली पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाड्यांतील आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते. राज्य शासनाची आरोग्य योजना २०१३ अखेर सर्व जिल्ह्यांत पोचली. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पुढे मुंबई गाठावी लागली, तर १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस सकाळीच निघते. उतरण्याची सोयही आहे. ज्या गाडगेबाबांनी आपल्या गोदाकाठी धर्मशाळा बांधली, त्यांच्याच नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे बालरुग्णांच्या कुटुंबांना विनामूल्य ठेवून घेतात. टाटा रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी बऱ्या झालेल्या मुलांच्या पुढील देखरेखीसाठी १९९१ साली स्वतंत्र विभाग काढला. तेथे येणारी कित्येक मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. योग्य वेळी उपचार झाले, तर आता विल्म्सच्या गाठीचीही बहुसंख्य मुले बरी होतात. पुढारलेल्या देशांत हे प्रमाण शंभरात नव्वदच्या घरात आहे. घातक गाठीची ही कथा, तर साध्या गाठीची काय सांगावी!

तेव्हा चार गोष्टींची खूणगाठ बांधून ठेवू या. मुलाच्या पोटात एका बाजूस टणक लागले, लघवीतून रक्त गेले, की दुखत नसले तरी त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवावे. ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच फसवते. पोट चोळू नये, वारंवार दाबून शेजारणींना दाखवू नये, डाग तर मुळीच देऊ नये. जन्मतः डोळ्यांतील रंगीत बुबुळ नसलेली किंवा शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा ठळक मोठी असलेली मुले डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवावीत. अशा मुलांत विल्म्सच्या गाठीचा संभव अधिक असतो, हे १९६४ सालीच दाखवले गेले आहे. आणि 'साधी आहे' हा शब्द शेजारणीकडून, वैदूकडून किंवा आपल्या मनाच्या समजुतीसाठी न घेता सूक्ष्मदर्शकाच्या अहवालावर लिहिलेला वाचावा.

न्हाणीघरातल्या ऊन पाण्याच्या वाफेत आईच्या हाताला जे कळते, तेथपासून प्रयोगशाळेतल्या काचेपर्यंतचा रस्ता दोनशे वर्षांत अनेकांनी मिळून बांधला. त्यातले पहिले पाऊल मात्र प्रत्येक घरातून नव्यानेच पडावे लागते. आपल्या मंडळातील प्रत्येक भगिनीने हे आपल्या सुनेला, लेकीला आणि घरी कामाला येणाऱ्या बाईलाही सांगावे, एवढीच विनंती.